सोनोग्राफीत ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’ असा शेरा आला आहे. तो कितपत गंभीर मानावा?

प्रश्न – शांतवारा

नियमित आरोग्य तपासणीत केलेल्या पोटाच्या सोनोग्राफीत माझ्या यकृताविषयी ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’ असा शेरा आला आहे. माझे वय ४४ असून उंची १६८ सेंटिमीटर आणि वजन ८२ किलो आहे. रक्ततपासणीत एसजीपीटी ६२, एसजीओटी ४१ (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारी दोन विकरे), प्लेटलेट्स २,३०,०००, उपाशीपोटीची साखर १०८ आणि ट्रायग्लिसराइड्स २१० आले आहेत. बिलिरुबिन व अल्ब्युमिन मर्यादेत आहेत. मी मद्यपान करत नाही आणि मला कावीळ कधीही झालेली नाही. त्रास म्हणावा तर उजव्या बरगडीखाली अधूनमधून जडपणा जाणवतो, पण अहवाल वाचल्यापासून तिकडे सारखे लक्ष जाते, त्यामुळेही तसे वाटत असेल.

डॉक्टरांनी ‘वजन कमी करा आणि सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा’ एवढेच सांगितले. घरी आल्यावर एका नातलगाने ‘हे हल्ली सगळ्यांनाच असते, लक्ष देऊ नका’ असे म्हटले, तर दुसऱ्याने यकृत साफ करणारे एक चूर्ण सुचवले. वाचायला बसलो तेव्हा थेट सिरॉसिस (यकृत व्रणांनी घट्ट व निकामी होत जाणे) आणि कर्करोगापर्यंतचे वर्णन समोर आले. ग्रेड १ नंतर २, मग ३ आणि त्यानंतर सिरॉसिस, असा हा क्रम असतो का? मद्य न घेता हा आजार मला कसा झाला? वजन नेमके किती कमी करायचे, आणि यावर औषध आहे का? जाणकारांनी सविस्तर सांगितल्यास आभारी राहीन.

उत्तर – क्षकिरण

सोनोग्राफीचे अहवाल लिहिणे हे माझे रोजचेच काम असल्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. आपण लिहिलेला क्रम तसा नसतो, आणि ग्रेडच्या आकड्यावरून आजाराचे गांभीर्य ठरवायला गेल्यास दोन्ही बाजूंनी फसगत होते.

यकृतात चरबी साठली की सोनोग्राफीच्या पडद्यावर ते शेजारच्या मूत्रपिंडापेक्षा अधिक पांढरट दिसू लागते. हा पांढरटपणा थोडा असेल तर ग्रेड १. यकृतातील रक्तवाहिन्यांच्या भिंती आणि मागचा श्वासपटल अंधूक दिसू लागला तर ग्रेड २. आणि यकृताचा खोलवरचा भाग व श्वासपटल जवळजवळ दिसेनासा झाला तर ग्रेड ३. हा डोळ्यांनी केलेला अंदाज असतो. यंत्राची मांडणी, पोटावरील चरबीचा थर आणि अहवाल लिहिणाऱ्याची सवय यांनुसार तोच रुग्ण एका ठिकाणी ग्रेड १ आणि दुसऱ्या ठिकाणी ग्रेड २ ठरू शकतो. त्यामुळे सहा महिन्यांनी दुसरीकडे सोनोग्राफी करून ग्रेड एकाने बदलला, तर त्यावरून लगेच हर्ष किंवा खेद करू नये. शिवाय यकृताच्या पेशींपैकी ५ टक्क्यांहून अधिक पेशींमध्ये चरबी असली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात, पण साधी सोनोग्राफी चरबीचे प्रमाण साधारण २० टक्क्यांच्या पुढे गेल्यावरच ती भरवशाने दाखवते.

खरा प्रश्न चरबी किती आहे हा नसून यकृतात व्रणासारख्या घट्ट तंतूंचे जाळे, म्हणजे फायब्रोसिस, तयार झाले आहे का हा आहे. त्याच्या पायऱ्या वेगळ्या असतात आणि त्या एफ-० ते एफ-४ अशा लिहितात. एफ-४ म्हणजे सिरॉसिस. सुरुवातीच्या पायऱ्यांवरचा फायब्रोसिस साध्या सोनोग्राफीत दिसत नाही. ग्रेड ३ असलेल्या माणसात फायब्रोसिस अजिबात नसू शकतो आणि ग्रेड १ असलेल्या माणसात तो बराच पुढे गेलेला असू शकतो. इतकेच नव्हे, तर सिरॉसिस झाल्यानंतर यकृतातील चरबी पुष्कळदा कमी होत जाते, म्हणजे ‘ग्रेड उतरला’ ही बातमी प्रत्येक वेळी चांगलीच असते असे नाही. आमच्या अहवालात ही एक ओळ छापायची सोय असती तर बरे झाले असते, असे मला नेहमी वाटते.

उत्तर – पायवाट

क्षकिरण यांनी जिथे सोडले तिथून पुढे लिहितो. मी यकृताच्या आजारांच्या विभागात काम करतो, परंतु इथले लिखाण म्हणजे तपासणी नव्हे. ते आपल्या डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावे एवढाच हेतू आहे.

फायब्रोसिस आहे की नाही याचा पहिला अंदाज आपण दिलेल्या आकड्यांमधूनच काढता येतो. ‘फिब-४’ नावाचे एक सूत्र आहे. वयाला एसजीओटीने गुणायचे आणि त्या गुणाकाराला, प्लेटलेट्स गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ, या संख्येने भागायचे. प्लेटलेट्स इथे हजारांत घ्यायच्या असतात, म्हणजे २,३०,००० ऐवजी २३०. अनेक जण पूर्ण आकडा घालतात आणि शून्याच्या आसपासचे उत्तर पाहून निश्चिंत होतात. आपले वय ४४ गुणिले ४१ म्हणजे १८०४. एसजीपीटी ६२ चे वर्गमूळ साधारण ७.८७, त्याला २३० ने गुणले की सुमारे १८११. भागाकार जवळजवळ १.० येतो. हा आकडा १.३ च्या खाली असेल तर पुढच्या टप्प्यातील फायब्रोसिस असण्याची शक्यता कमी मानतात, २.६७ च्या वर असेल तर ती जास्त मानतात. आणि मधल्या पट्ट्यात असेल तर फायब्रोस्कॅनसारखी (यकृताचा ताठरपणा मोजणारी) दुसरी तपासणी करतात. वय ३५ पेक्षा कमी असल्यास या सूत्रावर फारसे विसंबता येत नाही आणि ६५ च्या पुढे खालची मर्यादा १.३ ऐवजी २.० धरतात.

म्हणजे आपला आकडा आज तरी धोक्याच्या बाजूला नाही. मात्र उपाशीपोटीची साखर १०८ ही मधुमेहपूर्व अवस्थेत मोडते (१०० ते १२५), आणि ज्यांना मधुमेह असतो किंवा होऊ घातलेला असतो त्यांच्यात फायब्रोसिस अधिक वेगाने वाढतो. म्हणून एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्यावे आणि फिब-४ दर एक-दोन वर्षांनी पुन्हा काढावा. एकदा कमी आला म्हणून तो कायमचा कमीच राहील असे मानू नये.

आता मद्य न घेता हे का झाले, याविषयी. शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देईनासे झाले की, विशेषतः पोटाभोवती साठलेल्या चरबीतून मेदाम्ले रक्तात अविरत सुटत राहतात आणि ती यकृतात पोहोचतात. यकृतातील चरबीचा सर्वांत मोठा वाटा, साधारण तीन-पंचमांश, या मार्गाने येतो. दुसरा मोठा वाटा यकृत स्वतः साखरेपासून तयार करते, आणि त्यात फ्रुक्टोज ही साखर आघाडीवर असते, कारण तिचा बहुतांश भाग यकृतातच वापरला जातो. जेवणातील तेल-तुपाचा थेट वाटा या दोहोंपेक्षा बराच लहान असतो. म्हणून ‘तेल बंद केले, पण गोड पेये आणि फळांचे रस चालू ठेवले’ या पथ्याचा यकृताला फारसा उपयोग होत नाही. काही जणांत आनुवंशिक कलही असतो. पीएनपीएलए३ नावाच्या जनुकाचा एक प्रकार ज्यांच्यात असतो, त्यांच्या यकृतात चरबी लवकर साठते आणि फायब्रोसिसही लवकर होतो.

हे सर्व गृहीत धरण्यापूर्वी डॉक्टरांनी दुसरी कारणे वगळायला हवीत. हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी, थायरॉइडची तपासणी, आणि आपण घेत असलेल्या औषधांची यादी पाहणे यांत कसूर होऊ नये. स्टिरॉइड, टॅमॉक्सिफेन, अमिओडॅरोन, मेथोट्रेक्झेट, व्हॅल्प्रोएट ही औषधे यकृतातील चरबी वाढवू शकतात किंवा यकृताला इजा करू शकतात. अर्थात यांपैकी कुठलेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये.

जाता जाता एक सूचना: २०२३ मध्ये या आजाराचे वैद्यकीय नाव बदलले आणि ‘एनएएफएलडी’ऐवजी ‘एमएएसएलडी’ असे लिहू लागले. अहवालात दोन्हींपैकी काहीही दिसले तरी नवीन आजार जडला असे समजू नये.

उत्तर – दुपार

मी स्वतः या आजाराची रुग्ण आहे आणि वजन व व्यायाम यांविषयी मला जे समजले ते लिहिते.

‘वजन कमी करा’ हा सल्ला इतका मोघम असतो की माणूस एक तर तो कानाआड करतो किंवा महिन्याभरात सगळे वजन उतरवायला निघतो. त्याला आकडे जोडले की तो वापरण्याजोगा होतो. एकूण वजनाच्या ३ ते ५ टक्के घट झाली की यकृतातील चरबी कमी होऊ लागते. ७ ते १० टक्क्यांवर सूज उतरण्याची शक्यता वाढते. आणि १० टक्के किंवा अधिक घट टिकवली तर फायब्रोसिसही मागे हटू शकतो. आपले वजन ८२ किलो आहे, म्हणजे ५ टक्के म्हणजे सुमारे ४ किलो, ७ टक्के म्हणजे पावणेसहा किलो आणि १० टक्के म्हणजे ८ किलोंहून थोडे अधिक. आपल्याला ‘आदर्श वजन’ गाठायचे नसून पहिल्या टप्प्यात चार किलो उतरवायचे आहेत, हे समजल्यावर मला तरी धीर आला होता.

वेग मात्र बेताचा ठेवावा. आठवड्याला अर्धा ते एक किलो पुरेसे असते. उपासमारीचे पथ्य करून फार झपाट्याने वजन उतरवले तर पित्ताशयात खडे होण्याचा संभव वाढतो आणि यकृताची सूज उलट वाढूही शकते. पथ्याच्या नावांमध्ये फार गुंतू नये असे माझे मत आहे. सर्वांत आधी साखर घातलेली पेये आणि फळांचे रस बंद करावेत, मग मैदा आणि पाकीटबंद खाद्यपदार्थ कमी करावेत, आणि भाज्या, कडधान्ये व पुरेशी प्रथिने वाढवावीत. अख्खे फळ खाण्यास हरकत नसते. रस काढला की त्यातील चोथा जातो आणि तीन-चार फळांची साखर एका दमात पोटात जाते.

व्यायामाविषयी एक गोष्ट फार कमी जण सांगतात. वजनाचा काटा हलला नाही तरी नियमित व्यायामाने यकृतातील चरबी कमी होते. आठवड्याला किमान १५० मिनिटे, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा गतीने चालणे, आणि त्याला आठवड्यातून दोन वेळा स्नायूंना ताण देणाऱ्या व्यायामाची जोड, एवढे पुष्कळ झाले. गुडघ्यांमुळे मला चालणे जड जात होते, तेव्हा खुर्चीवरून उठबस करणे आणि रबरी पट्टा ताणणे यांवर माझा भर राहिला. वजन बराच काळ एका जागी अडून बसले होते, त्या काळातही एसजीपीटी उतरत गेले.

आपण मद्य घेत नाही, ते तसेच राहू द्यावे. कॉफीबद्दलही विचारले जाते: नियमित कॉफी पिणाऱ्यांमध्ये फायब्रोसिस कमी आढळतो असे अनेक निरीक्षणांत दिसले आहे, पण म्हणून सवय नसताना ती मुद्दाम सुरू करण्याची गरज नाही, आणि साखर घालून प्यायची असेल तर मुळीच नाही.

उत्तर – तळटीप

आपल्या दोन्ही नातलगांविषयी मला बोलायचे आहे.

हा आजार पुष्कळांना असतो हे पहिल्यांचे म्हणणे बरोबर आहे. जगातील प्रौढांपैकी सुमारे ३० टक्के लोकांमध्ये तो आढळतो आणि त्यांपैकी बहुतेकांना सिरॉसिस होत नाही. परंतु ‘लक्ष देऊ नका’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. फॅटी लिव्हर असलेल्या लोकांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण यकृत नसून हृदय आणि रक्तवाहिन्यांचे विकार हे असते. आपले ट्रायग्लिसराइड्स २१० आहेत, साखर सीमारेषेवर आहे. रक्तदाब आपण लिहिलेला नाही, तो मोजून घ्यावा आणि कोलेस्टेरॉलचा पूर्ण अहवाल पाहावा. डॉक्टरांनी स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध) सुचवले तर ‘यकृत आधीच खराब आहे, त्यात ही गोळी नको’ असे म्हणून ते टाळू नये. फॅटी लिव्हरमध्ये एसजीपीटी थोडे वाढलेले असतानाही स्टॅटिन सुरक्षितपणे देता येते, आणि या भीतीपोटी ते थांबवणाऱ्यांचे नुकसान हृदयाच्या बाजूने होते.

दुसऱ्यांच्या चूर्णाला मात्र स्पष्ट नकार द्यावा. यकृत ‘साफ’ करणारे असे कोणतेही सिद्ध झालेले औषध नाही. उलट वनस्पतीजन्य म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पूरकांमुळे यकृताला तीव्र इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या हे त्यांतील एक परिचित नाव. कपभर चहा आणि त्याच पानांचा गोळीत कोंबलेला अर्क या मात्रेच्या दृष्टीने अगदी वेगळ्या वस्तू आहेत.

औषधांचे सांगायचे तर, अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरॉम या गोळीला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड या इंजेक्शनला या आजारासाठी मान्यता दिली. पण ही मान्यता यकृताला सूज असून फायब्रोसिस मध्यम ते पुढच्या टप्प्यात, म्हणजे एफ-२ किंवा एफ-३ मध्ये, गेलेल्या आणि सिरॉसिस न झालेल्या रुग्णांसाठी आहे. पायवाट यांनी काढलेला आकडा पाहता आज आपण त्या गटात दिसत नाही. व्हिटॅमिन ई मोठ्या मात्रेत देण्याची पद्धतही आहे, परंतु ते मधुमेह नसलेल्या आणि बायोप्सीने सूज सिद्ध झालेल्या निवडक रुग्णांसाठी आहे. दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतल्यास पुरुषांमध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाचा धोका वाढण्याची शंका असल्याने ते स्वतःहून सुरू करू नये.

शांतवारा

आपण सर्वांनी इतके तपशीलवार लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. रक्तदाब मोजला असता १३४/८६ आला आहे आणि एचबीए१सी तपासणीसाठी दिले आहे.

सूत्र समजल्यावर मी घरातील इतरांचे आकडे घालून पाहिले आणि एका ठिकाणी अडलो आहे. माझे वडील ७१ वर्षांचे असून अंगाने सडपातळ आहेत आणि त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. त्यांच्या ताज्या अहवालात एसजीओटी ३८, एसजीपीटी २९ आणि प्लेटलेट्स १,५५,००० आहेत. तिन्ही आकडे अहवालात छापलेल्या मर्यादेत बसतात, कुठेही ठळक खूण नाही. जुन्या सोनोग्राफीत ‘ग्रेड १’ असा शेरा होता, तो आम्ही कोणीच मनावर घेतला नव्हता. त्यांचा फिब-४ मात्र ३.२ येतो. माझे गणित चुकते आहे का? सडपातळ माणसाला हा आजार होतो का?

उत्तर – पायवाट

आपले गणित बरोबर आहे. ७१ गुणिले ३८ म्हणजे २६९८; २९ चे वर्गमूळ ५.३९, त्याला १५५ ने गुणले की सुमारे ८३५, भागाकार ३.२ च्या किंचित वर येतो. वयामुळे हा आकडा काहीसा फुगतो हे खरे, पण म्हणून ६५ नंतर जी वाढीव मर्यादा धरतात तिच्याही तो बराच वर आहे.

प्रत्येक आकडा स्वतंत्रपणे मर्यादेत असूनही एकत्र वाचल्यावर वेगळे चित्र दिसणे, हे या आजारात नेहमी घडते. फायब्रोसिस वाढत जातो तसे एसजीपीटी पुष्कळदा खाली येते आणि एसजीओटी त्याच्या वर जाते. वडिलांच्या अहवालात तेच दिसते आहे. प्लेटलेट्सचे कारण थोडे आडवळणाचे आहे. यकृत घट्ट होऊ लागले की त्यातून जाणाऱ्या रक्ताचा दाब वाढतो, प्लीहा मोठी होते आणि प्लेटलेट्स तिच्यात अडकून पडतात. शिवाय त्या तयार करण्याचा संदेश देणारे संप्रेरकही यकृतातच बनते. त्यामुळे वडिलांचे गेल्या काही वर्षांचे जुने रिपोर्ट काढून त्यांतील प्लेटलेट्सचे आकडे तारखेनुसार एका कागदावर लिहावेत. सुरुवातीपासून दीड लाखाच्या आसपासच असतील तर तो त्यांचा स्वभाव असू शकतो. अडीच लाखांवरून इथवर उतरत आल्या असतील तर गोष्ट वेगळी आहे.

सडपातळ माणसालाही फॅटी लिव्हर होते. पोटाच्या आतली चरबी, आनुवंशिक कल आणि मधुमेह ही तीन कारणे त्यासाठी पुरेशी असतात, आणि बाहेरून जाड दिसत नसल्यामुळे अशा रुग्णांकडे उशिरा लक्ष जाते. त्यांच्या बाबतीत वजन कमी करण्याचा सल्ला सरसकट लागू करू नका. या वयात स्नायू टिकवणे अधिक महत्त्वाचे असते.

हा आकडा म्हणजे निदान नव्हे. त्यांना यकृततज्ज्ञांकडे नेऊन फायब्रोस्कॅन करून घ्यावे. त्यात यकृताचा ताठरपणा किलोपास्कलमध्ये मोजतात: ८ च्या खाली असेल तर पुढच्या टप्प्यातील फायब्रोसिसची शक्यता कमी धरतात, आणि १२ च्या वर असेल तर अधिक धरतात. जर पुढे सिरॉसिस ठरलाच, तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून कर्करोगाची चाचपणी करावी लागते, आणि वेळेवर कळल्यास त्यावर उपचार होऊ शकतात.

उत्तर – क्षकिरण

फायब्रोस्कॅनच्या आधी त्यांना किमान तीन तास काही खाऊ देऊ नका. जेवणानंतर यकृतातील रक्तप्रवाह वाढतो आणि ताठरपणा आहे त्याहून जास्त मोजला जातो. हृदयाच्या कमजोरीमुळे यकृतात रक्त तुंबत असेल तरीही आकडा फुगतो, म्हणून त्यांना हृदयाचा काही त्रास असल्यास तो तपासणीपूर्वी सांगावा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर सकाळची लवकरची वेळ मागून घ्यावी आणि उपाशी राहण्याच्या काळात डोस कसा घ्यायचा ते त्यांच्या डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारून ठेवावे. सोनोग्राफी नव्याने करणार असाल, तर विनंतीपत्रावर ‘प्लीहेचा आकार आणि पोर्टल शिरेची रुंदी नोंदवावी’ असे डॉक्टरांकडून लिहून घ्या (पोर्टल शीर म्हणजे आतड्यांकडून यकृतात रक्त नेणारी शीर). तसे लिहिलेले असले की अहवाल लिहिणारा त्या दोन ओळी आवर्जून मोजतो.